रोपलेला दात आणि त्याला धरून ठेवणारे हाड

कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या एखाद्या भावाची दाढ किडते. दुखू लागली की मेडिकलमधून गोळी आणायची, दोन दिवस काढायचे, पुन्हा दुखले की पुन्हा गोळी. असे करता करता एक दिवस दाढ काढावी लागते. जखम भरते, दुखणे थांबते आणि विषय संपला असे घरातल्या सगळ्यांना वाटते. वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूने चावून चावून त्या दाढाही तक्रार करू लागतात. मग सांगलीत किंवा मिरजेत दाताच्या डॉक्टरांकडे गेले की ते सांगतात, "काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवू."

खर्चाचा आकडा ऐकून माणूस गप्प होतो. महिन्या-दोन महिन्यांचा पगार एका दाढेला जाणार असतो. दुसऱ्या दवाखान्यात विचारले तर आकडा निम्मा, तिसरीकडे दीडपट. "कंपनी वेगळी आहे, डिझाइन वेगळे आहे," एवढेच उत्तर मिळते. घरी आल्यावर प्रश्न निघतो की स्क्रू तो स्क्रू, त्यात महाग-स्वस्त काय असते?

बंधू-भगिनींनो, प्रश्न अगदी रास्त आहे. बचतगटातून कर्ज काढून किंवा हप्त्यावर पैसे भरून जी वस्तू आपण तोंडात बसवून घेणार, ती कशी काम करते हे समजून घेणे हा आपला हक्क आहे. या लेखात तेच पाहू. मुख्य गोष्ट आधीच सांगतो. इम्प्लांटचे आयुष्य वर दिसणाऱ्या पांढऱ्या कॅपवर ठरत नाही, ते आत न दिसणाऱ्या हाडावर ठरते. स्क्रूची घडण त्या हाडाला मदत करते किंवा त्रास देते. पण घडण कितीही चांगली असली तरी ते हाड वर्षानुवर्षे राखण्याचे मोठे काम आपल्याच हातात असते.

खरा दात हाडात कसा बसलेला असतो

खरा दात भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाएवढी. या तंतूंवर दात झोळीत टांगल्यासारखा असतो. शेंगदाणा फोडताना किंवा ऊस सोलताना दात किंचित खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. त्यामुळे चावण्याचा धक्का हाडावर एकदम बसत नाही. मोटारसायकलच्या शॉकअपसारखेच हे काम आहे.

या तंतूंची आणखी दोन कामे आहेत. भाकरीत खडा आला तर तो आपल्याला लगेच कळतो, कारण या थरात नसा आहेत. शिवाय त्यातून हाडाला रक्तपुरवठा होतो. दाताच्या मानेपाशी हिरडीचे तंतू थेट दाताच्या मुळात शिरलेले असतात. ते तोंडातल्या जंतूंना खाली हाडाकडे जाऊ देत नाहीत.

दात काढला की हे सगळे जाते. दातासाठी असलेल्या हाडाला आता काम उरत नाही आणि ते आकसू लागते. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते. त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून दाढ काढून चार-पाच वर्षांनी इम्प्लांटसाठी गेलेल्या माणसाला "हाड कमी आहे, आधी हाडाची पूड भरावी लागेल," असे ऐकावे लागते आणि खर्च वाढतो.

स्क्रू हाडात रुजतो कसा

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात बसणारा टायटॅनियम धातूचा स्क्रू हा पहिला भाग. त्यावर बसणारा छोटा खांब हा दुसरा. त्या खांबावर बसवलेली दाताच्या आकाराची कॅप हा तिसरा. आपल्याला दिसतो तो फक्त तिसरा भाग.

टायटॅनियम हाडात रुजतो हा शोध दाताच्या दवाखान्यात लागला नाही. स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ साली लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचे एक छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला इतके घट्ट चिकटले होते की दोन्हींमध्ये फट राहिली नव्हती. यावर बरीच वर्षे काम केल्यावर १९६५ साली त्यांनी योटेबोर्ग शहरात गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन यांना जन्मापासून जबड्याचा दोष होता. २००६ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत ते स्क्रू काम देत होते. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ.

तरीही जगातल्या दंतवैद्यांनी ही गोष्ट लगेच मान्य केली नाही. १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथे परिषद झाली, तिथे वर्षानुवर्षांचे एक्स-रे आणि नोंदी मांडल्या गेल्या आणि मग ही पद्धत सर्वत्र पसरली. नुसत्या शब्दावर कोणी मानले नाही, पुरावा पाहून मानले. आपणही तसेच करावे.

मात्र इम्प्लांटमध्ये एक उणीव राहतेच. हाड थेट धातूला चिकटते, मधला तंतूंचा थर नसतो. चावताना खरा दात २५ ते १०० मायक्रॉन दबतो, तर इम्प्लांट ३ ते ५ मायक्रॉनच. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हा फरक किती बारीक तरी किती मोठा आहे हे लक्षात येईल. इम्प्लांटला शॉकअप नाही, म्हणून धक्का थेट हाडावर जातो. हिरडीचे तंतूही धातूत शिरत नाहीत, ते स्क्रूभोवती फक्त कडे करून राहतात. त्यामुळे जंतूंना अडवणारी भिंत खऱ्या दातापेक्षा कच्ची असते.

हाड आधी मानेपाशीच का झिजते

इम्प्लांटभोवतीचे हाड कमी होते तेव्हा सुरुवात जवळजवळ नेहमी वरून, स्क्रूच्या मानेपासून होते. एक्स-रेमध्ये मानेभोवती बशीसारखा खळगा दिसतो. याची कारणे मुख्यतः दोन.

पहिले कारण जोडाचे. स्क्रू आणि खांब जिथे एकमेकांना भेटतात तिथे डोळ्यांना न दिसणारी फट राहते. तिच्यात जंतू घर करतात. चावताना जोड किंचितही हलला तर फट उघडते-मिटते आणि पंपासारखे जंतू आतबाहेर जातात. शरीर या जंतूंपासून हाडाला दूर ठेवू पाहते. म्हणून हाड स्वतःच थोडे खाली सरकते आणि मधली जागा हिरडी घेते.

दुसरे कारण ताणाचे. टायटॅनियम हाडाच्या कठीण कवचापेक्षा कितीतरी पटींनी ताठ असतो. ताठ दांडा मऊ वस्तूत रोवून आडवा ढकलला तर सर्वांत जास्त जोर तोंडाशी येतो. मातीत रोवलेली मेख हलवून पाहा, माती आधी वरच सैल होते. इम्प्लांटवर आडवा जोर पडला की तसाच ताण मानेजवळच्या हाडावर येतो.

ब्रोनेमार्क यांच्या जुन्या पद्धतीच्या स्क्रूंवर पंधरा वर्षे नजर ठेवून १९८१ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या वर्षाअखेर सरासरी दीड मिलिमीटर आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे ०.१ मिलिमीटर हाड कमी झालेले आढळले. पुढे १९८६ साली तज्ज्ञांनी कसोटी ठरवली की पहिले वर्ष सोडून दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज असेल तर इम्प्लांट यशस्वी समजावे. तेव्हा पहिल्या वर्षाची थोडी झीज ठरलेलीच असे मानत. घडण सुधारून तीही कमी करता येईल का, हा प्रश्न पुढच्या संशोधकांनी घेतला.

घडणीतले फरक आणि हाडावर होणारा परिणाम

जोडाची जागा. काही इम्प्लांटमध्ये स्क्रूची मान गुळगुळीत आणि लांब ठेवून जोड हाडाच्या वर, हिरडीच्या पातळीत आणलेला असतो. जोड हाडापासून दूर गेला की जंतूंचा त्रासही दूर राहतो. स्वित्झर्लंडमध्ये ही घडण पुढे आली. मागच्या दाढांना ती चांगली चालते. समोरच्या दातांत मात्र हिरडीतून धातूची कड दिसण्याची भीती असते.

खांबाची रुंदी. हा शोध योगायोगाने लागला. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका कंपनीने रुंद स्क्रू बाजारात आणले, पण त्या मापाचे रुंद खांब तेव्हा तयार नव्हते. डॉक्टरांनी अडचण म्हणून त्यावर लहान मापाचेच खांब बसवले. काही वर्षांनी एक्स-रे पाहताना दिसले की या रुग्णांच्या मानेजवळचे हाड नेहमीपेक्षा कमी खाली गेले आहे. कारण सोपे होते. खांब बारीक असल्यामुळे जोडाची फट बाहेरच्या कडेवरून आत सरकली आणि हाडापासून दूर गेली. लॅझारा आणि पोर्टर या दोघांनी २००६ साली हे सविस्तर मांडले. याला प्लॅटफॉर्म स्विचिंग म्हणतात. आज पुष्कळ कंपन्यांचे इम्प्लांट याच घडणीचे असतात.

जोडाचा आकार. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर नटासारखा षट्कोन असे आणि खांब त्यावर टोपीसारखा बसे. असा जोड आडव्या जोराने किंचित डुलतो आणि आतला बारीक स्क्रू सैल होतो. नव्या घडणीत खांबाचे टोक निमुळते असते आणि ते स्क्रूच्या आत तशाच निमुळत्या खोबणीत घट्ट शिरते. आपल्यातले जे भाऊ लेथवर काम करतात त्यांना हे वेगळे सांगायला नको. टेलस्टॉकमध्ये सेंटर बसवतात तेव्हा त्याला बोल्ट लागत नाही, टेपरच त्याला पकडून ठेवतो. तोच हा मोर्स टेपर, आणि दंतवैद्यकातही त्याला हेच नाव आहे. इम्प्लांटमध्ये त्याच्या जोडीला बहुधा एक बारीक स्क्रूही असतो. टेपर नीट बसला की जोड डुलत नाही, फट फार बारीक राहते आणि मानेजवळचे हाड शांत राहते.

पृष्ठभाग. पूर्वी स्क्रू यंत्रावर कापून गुळगुळीत ठेवत. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबल्यावरच त्यावर दात बसवत. आता स्क्रूवर वाळूसारख्या कणांचा मारा करतात आणि आम्लाने तो खरबरीत करतात. गिलावा धरावा म्हणून भिंतीला टाचे मारतात, तसेच हे. खरबरीत पृष्ठभागावर हाडाच्या पेशी लवकर धरतात आणि चांगल्या हाडात सहा ते आठ आठवड्यांत काम भागते. पण याला दुसरी बाजू आहे. हाड खाली गेले आणि हा खरबरीत भाग तोंडात उघडा पडला तर त्यावर जंतूंचा थर पटकन चिकटतो आणि साफ करणे फार अवघड जाते. जे हाडात गुणाचे तेच तोंडात अवगुणाचे ठरते.

आटे. स्क्रूचे आटे चावण्याचा जोर हाडात वाटून देतात. वरच्या जबड्याच्या मागच्या बाजूचे हाड बहुधा मऊ आणि पोकळसर असते, तिथे खोल आट्यांचा निमुळता स्क्रू चांगली पकड घेतो. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हाड कठीण असते, तिथे अशा आक्रमक आट्यांची गरज नसते. काही कंपन्या मानेजवळ अगदी बारीक आटे देतात, त्यामुळे तिथल्या हाडाला बेताचा ताण मिळत राहतो. हाडाला अजिबात काम नसले तरी ते आकसते आणि फार ताण आला तरी झिजते.

लांबी आणि जाडी. स्क्रू जितका लांब तितका चांगला असे लोकांना वाटते. पण ताण मानेपाशी येतो, म्हणून तो कमी करायला लांबीपेक्षा जाडी जास्त उपयोगी पडते. मात्र जाड स्क्रू बसवण्याच्या नादात गालाकडची हाडाची भिंत पातळ उरली तर तीच आधी जाते. त्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर हाड राहावे लागते. शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये किमान तीन मिलिमीटर अंतर ठेवावे असा नियम आहे. म्हणून आधी एक्स-रे आणि गरज असेल तर त्रिमितीय स्कॅन करून हाड मोजावे लागते. मोजल्याशिवाय स्क्रू निवडू नये.

घडण चांगली, पण हात कसा?

उत्तम स्क्रूही चुकीच्या हाताने बसवला तर हाड टिकत नाही. ड्रिल फिरताना हाड तापते. सशाच्या हाडावरील प्रयोगांत दिसले आहे की ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले तरी हाडाचे नुकसान होते. म्हणून छिद्र पाडताना सलाइनचे पाणी सतत सोडतात, जसे आपण मशीनवर कुलंट सोडतो. बोथट ड्रिल जास्त तापते, म्हणून धारही चांगली हवी.

स्क्रू किती जोराने आवळायचा यालाही माप आहे आणि त्यासाठी डॉक्टरांकडे टॉर्कचा पाना असतो. सैल बसला तर रुजत नाही. कठीण हाडात गरजेपेक्षा जास्त आवळला तर हाड दाबून मरते. कॅप सिमेंटने चिकटवली असेल तर हिरडीखाली सिमेंटचा कण राहू देता कामा नये, त्यावरूनही सूज सुरू होते. म्हणून काही ठिकाणी कॅप सिमेंटऐवजी स्क्रूने बसवतात. ती पुढे काढून साफ करता येते.

आणखी एक गोष्ट पैशांशी जोडलेली आहे. स्क्रू एका कंपनीचा आणि खांब भलत्याच कंपनीचा, केवळ स्वस्त म्हणून बसवला, तर टेपरचे माप तंतोतंत जुळेलच असे नाही. माप जुळले नाही की पुन्हा तीच फट आणि तेच डुलणे. बिल कमी दिसते, किंमत हाड मोजते.

घडण कुठपर्यंत पुरते

इथे थोडे थांबून हिशेब करू. प्लॅटफॉर्म स्विचिंगसारख्या चांगल्या घडणीमुळे हाडाची जी बचत होते ती अभ्यासांत बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. ही बचत खरी आहे आणि कामाचीही आहे. पण इम्प्लांटभोवती जंतूंमुळे सूज येऊन ती हाडापर्यंत पोहोचली तर कित्येक मिलिमीटर हाड जाते आणि शेवटी स्क्रूच निघून येतो. या आजाराला पेरिइम्प्लांटायटिस म्हणतात. दातांच्या पायोरियाचाच हा भाऊ. ज्याला आधी पायोरिया झाला आहे, ज्याच्या तोंडाची सफाई नीट नाही आणि जो तपासणीला जात नाही, त्याला याचा धोका जास्त.

हा आजार बहुधा दुखत नाही, म्हणून तो फसवतो. खऱ्या दाताला तंतू आणि नसा असतात, तो ठणकून आपल्याला उठवतो. इम्प्लांट गप्प असतो. घासताना रक्त येणे, हिरडी लाल आणि सुजलेली दिसणे, दाबल्यावर पू येणे, तोंडाला वास येणे, कॅपखाली धातू दिसू लागणे ही त्याची बोली आहे. यातले काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नका. दात हलू लागला तरी लगेच जा. नुसता आतला स्क्रू सैल झाला असेल तर तो आवळता येतो. हाडच गेले असेल तर इम्प्लांट काढावा लागतो.

आता आपल्या घरातल्या सवयींकडे येऊ. आपल्याकडे अनेक घरांत आई-आजी सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होतात हा गैरसमज आहे. तिने हिरड्या खाली सरकतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तंबाखू-चुना गालात जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे इम्प्लांट न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त निकामी होतात हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, कारण धुराने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम नीट भरत नाही. हजारो रुपयांचा स्क्रू बसवायचा आणि दहा रुपयांच्या पुडीने त्याचे हाड घालवायचे, हा हिशेब कोणाला परवडेल?

मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. साखर वाढलेली असताना जखम उशिरा भरते आणि जंतूंचे फावते. साखर आटोक्यात असलेल्या माणसाला इम्प्लांट बसवता येतो, घाबरायचे कारण नाही. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन किंवा गोळ्या घेत असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा जबड्याला किरणांचे उपचार झाले असतील, तर डॉक्टरांना न विचारताही आपणहून सांगा. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तीही सांगा, कारण त्या आडव्या जोराने जोड सैल होतो.

पैसे देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. विचारताना संकोच करू नका, चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

१. माझे हाड किती रुंद आणि किती उंच आहे? एक्स-रेवर किंवा स्कॅनवर मला दाखवाल का?

२. हिरड्यांचा आजार आधी बरा करायला हवा का?

३. स्क्रू कोणत्या कंपनीचा? जोड टेपरचा आहे का? खांब त्याच कंपनीचा बसवणार का?

४. सांगितलेल्या रकमेत स्क्रू, खांब, कॅप आणि एक्स-रे सगळे आले का? हाडाची पूड लागली तर वेगळे किती?

५. कॅप सिमेंटची की स्क्रूची?

६. स्क्रूच्या डब्यावरचे स्टिकर आणि माप असलेले कार्ड मला मिळेल का?

७. कॅप बसवली त्या दिवसाचा एक्स-रे मला द्याल का?

शेवटचे दोन प्रश्न विसरू नका. कार्ड असेल तर उद्या गाव बदलले किंवा डॉक्टर बदलले तरी योग्य भाग मागवता येतो. आणि पहिल्या दिवसाचा एक्स-रे असेल तरच एका वर्षानंतर हाड किती खाली गेले ते कळते. मोजायला पहिली खूण लागते. हे दोन्ही कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.

दात बसल्यावर दिवसातून दोनदा मऊ ब्रशने घासा. इम्प्लांट आणि शेजारचा दात यांच्यामधल्या जागेसाठी बाटली धुण्याच्या ब्रशासारखा पण अगदी छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो रोज वापरा. पिन, काडी, सुई घालू नका. सहा महिन्यांनी तपासणीला जा. ही तपासणी खर्च वाटेल, पण इम्प्लांट गमावण्याच्या मानाने ती फार स्वस्त आहे.

इम्प्लांट परवडत नसेल तर

इम्प्लांट नाही म्हणजे उपाय नाही असे समजू नका. शेजारचे दात घासून तीन कॅपचा ब्रिज बसवता येतो, पण त्यात चांगले दात कापावे लागतात हे लक्षात ठेवा. काढता-घालता येणारी एका-दोन दातांची कवळी सर्वांत स्वस्त. शेवटची दाढ गेली असेल आणि चावायला अडचण नसेल तर ती जागा रिकामी ठेवली तरी काही वेळा चालते. सगळे दात गेलेल्या आजी-आजोबांची खालची कवळी सारखी उठत असेल तर पूर्ण जबड्याला इम्प्लांट लावण्याची गरज नाही. खाली दोनच इम्प्लांट बसवून त्यावर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी हाच उपाय पहिला समजावा असे म्हटले.

आपल्या जवळ वानलेसवाडीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे आणि कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. आधी तिथे तपासणी करून घ्या, लेखी खर्च मागा, मग दुसरीकडच्या आकड्याशी ताडून पाहा. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर दाताच्या कोणत्या उपचाराचा लाभ मिळतो तेही ईएसआयच्या दवाखान्यात विचारा.

आणि सर्वांत आधीची गोष्ट शेवटी सांगतो. कोणत्याही कंपनीने अजून खऱ्या दाताच्या तंतूंसारखा शॉकअप बनवलेला नाही. दाढ किडली तर गोळ्यांवर महिने काढू नका. वेळेत सिमेंट भरले किंवा रूट कॅनाल केले तर ती दाढ आणि तिच्याभोवतीचे हाड दोन्ही वाचतात, तेही इम्प्लांटच्या खर्चाच्या काही हिश्श्यात. दाढ काढावीच लागली तर पुढे काय करायचे हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, कारण हाड पहिल्या तीन महिन्यांतच आकसू लागते.

पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हे सात प्रश्न एखाद्या कागदावर उतरवून फलकाला लावा. ज्याच्या घरात कोणाची दाढ दुखत आहे, त्याच्या ते उपयोगी पडतील. जयभीम.